न बिघडणारी गाडी

माझी गाडी बिघडत नाही, ही माझी तक्रार आहे. ऐकणारा आधी हसतो आणि मग जरा सावधपणे माझ्याकडे बघतो. एकच माणूस हसला नाही, तो म्हणजे कर्जतच्या चार फाट्याकडचा आमचा मेकॅनिक. सर्व्हिसिंगला गाडी नेली की तो ऑइल बदलतो, एअर फिल्टर झटकतो, चाकांतली हवा बघतो आणि बॉनेट आपटून लावताना म्हणतो, "काकू, हिच्यात करण्यासारखं काय नाय." या वाक्यात कौतुक शोधायला जाऊ नये. शेजारी एखादी जुनी जीप इंजिन उतरवून पडलेली असते. तिच्याकडे तो ज्या नजरेनं बघतो, ती नजर माझ्या गाडीच्या वाट्याला कधी आली नाही.

गाडी म्हणजे रुपेरी वॅगन आर, सीएनजीवाली. घेताना सगळा विचार शहाण्यासारखा केला होता. सासूबाईंना वाकून आत शिरायला लागू नये, भिसेगावच्या गल्लीत एका दमात वळावी, स्टेशनाबाहेर दोन रिक्षांच्या मध्ये मावावी आणि भर जुलैत चौक गावापर्यंतचे खड्डे खाऊन संध्याकाळी मुकाट घरी यावी. या सगळ्यात ती पहिल्या वर्गात पास झाली. सुझुकीनं हा उंच डबा जपानात १९९३ साली काढला आणि भारतात तो १९९९च्या डिसेंबरात आला. तेव्हा आपल्याकडे नाकं मुरडली गेली, कारण गाडी म्हटली की ती लांब, बुटकी आणि पुढून निमुळती असायला हवी अशी समजूत होती. मग हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं की हिच्यात फेटा बांधूनसुद्धा बसता येतं. आज कर्जत तालुक्यातल्या कुठल्याही लग्नाच्या मांडवाबाहेर उभं राहा, निम्म्या गाड्या अशाच उंच कपाळाच्या दिसतात.

रंग तर विचारूच नका. एकदा स्टेशनाबाहेर एक गृहस्थ माझ्या गाडीच्या दारात किल्ली फिरवत, स्वतःशी पुटपुटत उभे होते. "काका, ही माझी," म्हटलं तरी त्यांना पटेना. मग काचेतून आत वाकून बघितलं, डॅशबोर्डवर गणपतीच्या जागी स्वामी समर्थ दिसले, तेव्हा कुठे किल्ली काढली. त्यांची गाडी तीन गाड्या सोडून होती. रुपेरीच.

बँकेतली माझी नोकरी खोपोलीत होती. रोज याच गाडीनं जायचे. घरून निघायचे आणि खोपोलीला पोचायचे, पण मधलं काही आठवायचं नाही. पळसदरीचा तलाव कधी मागे पडला, भात पोटरीत आलंय की कापून झालंय, काही सांगता यायचं नाही. कोणी रस्त्याचं विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे, कारण रस्ता मी पाहिलेलाच नसायचा. गाडी काहीच मागत नव्हती, म्हणून मीही काही देत नव्हते. लोक मोबाइलला नावं ठेवतात की तो माणसाला आजूबाजूचं बघू देत नाही. माझं ते काम या गाडीनं केलं.

निवृत्त झाल्यावर कंटाळा ऐन भरात आला. त्यातून आमचं गाव असं की शुक्रवारी संध्याकाळपासून मोह दारावरून जातो. फार्महाऊसवाल्यांच्या, रिसॉर्टवाल्यांच्या रुंद टायरच्या, टपावर जाळी बसवलेल्या, नाकात खोबणी असलेल्या गाड्या मुंबईहून येतात आणि रविवारी तितक्याच स्वच्छ परत जातात. माझ्या भाच्यानंही अशी एक जीप घेतली. कोंडिवड्यापर्यंत त्यानं ती मला चालवायला दिली आणि मजा आली, ते नाकारत नाही. उंचावर बसल्यावर आपण गावचे पाटील असल्यासारखं वाटतं. परतताना सासूबाईंना घरी सोडायचं होतं. त्यांना चढवायला शेजारच्या किराणावाल्याकडून स्टूल आणावं लागलं, उतरवायला पुन्हा तेच स्टूल. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "तुझी धुतलीस का गाडी?"

आमचं भिसेगाव रुळांना चिकटलेलं आहे. नवीन सुनेला पहिले आठ दिवस झोप लागत नाही, नवव्या दिवसापासून गाड्या ऐकू येईनाशा होतात. इथल्या गाड्यांचा एक खास आवाज असतो. पुण्याकडे जाणारी गाडी येऊन थांबते, मग मागच्या बाजूला धक्का बसल्यासारखा 'खडाक' होतो आणि थोड्या वेळानं सगळं धूड जड अंगानं हलतं. तो धक्का 'बँकर'चा, म्हणजे मागून ढकलणाऱ्या इंजिनाचा. बोरघाटात रूळ दर सदतीस मीटरला एक मीटर चढतात, भारतातल्या मुख्य मार्गांवर असा चढ क्वचित. पुढचं इंजिन एकट्यानं ते ओझं ओढू शकत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या पाठीला आणखी इंजिनं लागतात. ती लोणावळ्यापर्यंत अठ्ठावीस किलोमीटर ढकलतात, तिथं सुटतात, रिकामी खाली येतात आणि पुढच्या गाडीच्या पाठीला लागतात. घाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. तेव्हापासून इंजिनं बदलली, वाफ गेली, वीज आली, पण हे काम तेच राहिलं. प्रवाशांना या थांब्याची आठवण राहते ती बटाटेवड्यामुळे. इंजिन जोडेपर्यंतच्या त्या मिनिटांतच दिवाडकरांचा वडा महाराष्ट्रभर माहीत झाला. मागच्या इंजिनाकडे खिडकीतून वाकून कोणी बघत नाही. त्या इंजिनांना पुणं कधी दिसत नाही, नावाची पाटी नसते, वेळापत्रकात उल्लेख नसतो. २०२३च्या फेब्रुवारीत सोलापूरची वंदे भारत सुरू झाली. तिच्या डब्यांखालीच मोटारी असल्यामुळे तिला ढकलणारं कोणी लागत नाही, ती कर्जतला न थांबता निघून जाते. सुरुवातीला आम्ही कौतुकानं बघायला उभे राहायचो.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी काही काम न काढता मी गाडी बाहेर काढली. घरी "कुठे?" विचारलं गेलं, "बघते" म्हटलं. निवृत्त बाईनं एवढं उत्तर दिलं तरी पुरतं, असं मला वाटलं होतं. पुरलं नाही. शेवटी "लोणावळ्याला चहाला" असं सांगून सुटका करून घेतली.

खोपोलीपर्यंतचा रस्ता ठरवून बघत गेले. भात कापून भारे बांधले होते, काही खाचरांत नुसते बुडखे उरले होते. खोपोलीत शिरताना डोंगरावरून उतरणारे टाटांचे पाण्याचे नळ दिसतात. १९१५ सालापासून वरच्या धरणांचं पाणी त्या वाटेनं कोसळतंय आणि वीज होऊन मुंबईला जातंय. सुरुवातीला त्या विजेवर गिरण्या चालल्या. एवढी वर्षं या नळांखालून बँकेत गेले, पण 'आपण टाटांचं वीजघर बघतोय' असं एकदाही वाटलं नव्हतं.

पुढं जुना घाट. लहानपणी हा घाट म्हणजे प्रकरण होतं. दादरच्या मामाकडे फियाट होती, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली, नाव नोंदवून काही वर्षं वाट बघितल्यावर मिळालेली. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पुण्याला जायचं ठरलं की आदल्या रात्री मामा पाण्याचे दोन कॅन, जुनी धोतराची फडकी आणि एक मोठा पाना डिकीत ठेवायचा. खोपोली सोडली की गाडीतल्या गप्पा आपोआप थांबायच्या. सगळे इंजिनाचा आवाज ऐकायचे, मामी तर डोळे मिटून ऐकायची. तापमानाचा काटा चढायला लागला की मामा म्हणायचा, "आता बोलू नका कोणी," जणू बोलण्यानं रेडिएटर उकळतो! मग एखाद्या वळणावर गाडी बाजूला, बॉनेट उघडं, इंजिनातल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं आणि आम्ही पोरं कठड्याशी. पुढंमागं अशीच बॉनेटं उघडून उभी असलेली कुटुंबं. डबे उघडायचे, ओळखी निघायच्या. मामाच्या मुलीचं लग्न जमलं ते अशाच एका वळणावर भेटलेल्या साताऱ्याकडच्या मंडळींमुळे, असं घरात सांगतात. मला त्यात थोडं मीठमसाल्याचं वाटतं, पण घाटात तेवढा वेळ नक्की मिळायचा.

त्याच घाटात माझ्या गाडीनं काय केलं? काही नाही. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, मामाच्या फियाटहून लहान, पण ताकद त्याहून जास्त. तिसऱ्या गिअरमध्ये, सीएनजीवर, हूं की चूं न करता वळणामागून वळण घेत राहिली. काटा मध्यावर ठोकल्यासारखा होता. शिंगरोबाच्या देवळाशी मी मुद्दाम थांबले. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना तेव्हा या धनगरानं आपल्या जनावरांच्या वाटेनं नेऊन ती दाखवली, बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली, अशी त्याची कथा. १८३० साली, माल्कम गव्हर्नर असताना, या घाटातून गाडीरस्ता झाला. देवळासमोरून जाणारे ट्रकवाले वेग न मोडता खिडकीतून नाणं भिरकावतात. मामा थांबून नारळ फोडायचा, कारण त्याला खरोखरच गरज होती. मी पाच रुपये ठेवले आणि मागायला काही सुचेना. वर अमृतांजन पुलाची जागाही मोकळी दिसली. वेदनाशामकाच्या जाहिरातीनं नाव मिळालेला तो जुना पूल २०२०च्या एप्रिलमध्ये, रस्ता टाळेबंदीनं ओस पडला असताना, सुरुंग लावून पाडला. लोणावळ्यात चहा घेतला. बरा होता. चिक्की घेतली नाही, कर्जतकरांनी लोणावळ्याची चिक्की घ्यायची नसते.

खरं तर तिथूनच घरी जायचं. पण कर्जतला आल्यावर चार फाट्याला गाडी नेरळच्या रस्त्याला लावली.

आमचा तालुका गाड्यांच्या बाबतीत विचित्र आहे. त्याच्या शेजारी द्रुतगती महामार्ग आणि ऐन डोक्यावर माथेरान, जिथं मोटारीला प्रवेशच नाही. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढला आणि त्याला जागा आवडली. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या पैशानं नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर पोचली. आज मोटारीचा रस्ताही आहे, पण तो दस्तुरी नाक्यावर संपतो. पुढं चालायचं, घोड्यावर बसायचं किंवा रिक्षात. २००३ साली सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला तेव्हा ही बंदी आणखी पक्की झाली. गाडीला कंटाळलेल्या बाईनं गाडी घेऊन जावी अशी याहून चांगली जागा नाही.

नेरळच्या टॅक्सी स्टँडवर व्हॅनवाल्यांची रांग होती. दिवसभर दस्तुरीला सवाऱ्या चढवणं-उतरवणं हेच त्यांचं काम. त्यांच्यातला एक दारात पाय टाकून केळं खात बसला होता. मी रस्ता विचारला. त्यानं आधी मला बघितलं, मग गाडीला.

"ताई, एकट्याच? मग जाईल. एसी बंद करा, गॅस बंद करून पेट्रोलवर घ्या. आणि पुढचा थांबला तर लांब थांबा, त्याच्या बुडाला जाऊ नका. तो मागं येतो."

"कोण?"

"कोणपण."

पहिले दोन वळसे मी हसत चढले. तिसऱ्यापासून हसू गेलं. रस्ता वर जात नाही, अंगावर येतो. वळण घेताना पुढचा रस्ता काचेतून दिसेनासा होतो, फक्त आभाळ आणि एखाद्या झाडाचा शेंडा. दुसरा गिअर दोनदा टाकून बघितला, दोन्ही वेळा इंजिननं घरघर करून नकार दिला. मग पहिला धरून ठेवला. आणि तेव्हा मला इंजिन ऐकू आलं. तीन सिलिंडरांचा तो खडबडीत, किंचित तोतरा सूर एसी आणि रेडिओखाली एवढी वर्षं दबून राहिला होता. वळणाच्या आधी वेग किती धरायचा, आतल्या बाजूचा खड्डा टाळायचा की तीव्र चढ टाळायचा, समोरून उतरणाऱ्या व्हॅनला जागा कुठं द्यायची, प्रत्येक पन्नास फुटांवर ठरवायला लागत होतं. पोटऱ्या भरून आल्या. जुम्मापट्टीच्या अलीकडे रस्ता छोट्या गाडीचे रूळ ओलांडतो. रुळांवर चाक घसरेल की काय म्हणून मी श्वास धरला होता, हे ओलांडल्यावर कळलं.

मग व्हायचं तेच झालं. एका तिरक्या चढावर माझ्या पुढची गाडी थांबली. मी लांब थांबले, केळंवाल्याची कृपा. हँडब्रेक ओढला. गाडीचं नाक आभाळात, मागं दरी, तिच्या तळाशी नेरळची घरं आणि उल्हासच्या पाण्याचा एक चकाकता तुकडा. पुढचा हलला. क्लच हळूहळू सोडत, कंप पायाला लागेपर्यंत थांबून, हँडब्रेक खाली. एक क्षण गाडी कुठंच गेली नाही, ना मागं ना पुढं. मग उचलली. मी मोठ्यांदा "शाब्बास" म्हणाले, गाडीत कोणी नसताना. बँकेत असताना कोणा शिपायालाही इतक्या मनापासून म्हटलं नसेल.

दस्तुरीला किल्ली खिशात टाकली आणि लाल मातीत पाय ठेवला. बाजूलाच घोडेवाल्यांचा घोळका आणि अमन लॉजचं स्टेशन. ई-रिक्षाच्या रांगेतला एक जण चाळिशीचा होता. २०२२च्या डिसेंबरात इथं प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या. त्याआधी सगळा भार हातरिक्षांवर होता. एक जण पुढून ओढणार, दोघं मागून ढकलणार, आत बसलेला माणूस फोटो काढणार. ही माणसानं माणूस ओढण्याची पद्धत सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. रांगेतला हा चाळिशीचा गडी आधी हातरिक्षावर होता.

"पुढं ओढायचात?"

"नाय, मी मागं. मागच्याला ताकद जास्त लागते."

"आणि ही कशी आहे?"

त्यानं तक्रारींचा पाढा वाचला. बॅटरी पुरत नाही, चार्जिंगला रांग, रिक्षा कमी आणि सवाऱ्या जास्त. हातरिक्षावाल्यांत कोणाला मिळाली, कोणाला नाही, त्यावरून घरोघरी भांडणं. मी विचारलं, दिवसभर तीच वाट, तेच वळण, कंटाळा येत नाही? त्याला प्रश्न नीट कळला नसावा. तो म्हणाला, "चढाला आता मी बसलेलो असतो." आणि सवारी आली म्हणून निघून गेला.

बाजारापर्यंत चालत जाऊन आले. माथेरानची वर्णनं पुष्कळ झाली आहेत, त्यांत भर घालत नाही. माकडांनी एका मुलाचं कणीस पळवलं एवढंच नवीन.

उतरताना पहिला-दुसरा गिअर सोडला नाही, ब्रेकवर पाय फक्त टेकवत आले. अर्ध्या वाटेवर एक मोठी काळी गाडी बाजूला उभी होती, पुढच्या चाकांतून धूर निघत होता. चालवणारा तरुण सारखा वाकून चाकाला फुंकर घालत होता. सतत ब्रेक दाबत उतरला असणार. थंड होईपर्यंत थांब, चाकावर पाणी ओतू नकोस, असं मी सांगितलं, तर मागच्या सीटवरून आवाज आला, "आणि माझी लोकल?" डोंबिवलीच्या आजी, सोबत सून, नातू आणि तीन पिशव्या. त्यांना माझ्याकडे घेतलं. गॅसच्या सिलिंडरमुळे डिकीत जागा नसते, म्हणून पिशव्या मांडीवर. आजी न वाकता आत बसल्या आणि बसल्या बसल्या वर बघून म्हणाल्या, "छप्पर उंच आहे गं." नातवाला मात्र काळ्या गाडीतली काच उघडणारी टपावरची खिडकी हवी होती. नेरळपर्यंत तो रुसून बसला.

स्टेशनाशी उतरल्यावर सुनेनं आभार मानले. आजी मात्र दार धरून उभ्याच. लोकलची घोषणा चालू होती.

"किती देते?" त्यांनी विचारलं.

"किलोला अठ्ठावीस," मी म्हणाले. खरं म्हणजे सव्वीस देते.